आधी जाऊन ये

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी 'हॉस्टेलची मेस' हाच विषय घेणार होतो. पण मेसवर दरवर्षी कोणीतरी लिहितंच, आणि डाळ काही घट्ट होत नाही. म्हणून या वेळी वेगळं लिहितोय. लिहू की नको, यात दोन आठवडे गेले. ज्याच्याबद्दल लिहायचं होतं त्यालाच शेवटी विचारलं. तो म्हणाला, "लिही. फक्त माझं नाव टाकू नको." म्हणून या लेखात तो नुसता अण्णा आहे. आपल्या हॉस्टेलमध्ये कमीत कमी पाच अण्णा आहेत, तेव्हा मित्रांनो, शोधत बसू नका.

मलाही हॉस्टेलमध्ये नावाने कोणी हाक मारत नाही. मी 'फादर'. फर्स्ट इयरच्या पहिल्याच आठवड्यात झोपायच्या आधी कॉटवर बसून, डोळे मिटून प्रार्थना करताना एका सीनियरने पाहिलं आणि माझं बारसं झालं. आता खरं सांगायचं तर आमच्या मंडळीत फादर नसतातच, पाळक असतात. त्यांना बायको-मुलं असतात आणि महिनाअखेरीला त्यांचाही पगार संपलेला असतो. पण हे ऐकून घेतो कोण!

पहिल्या वर्षी सगळ्यांचे प्रश्न ठरलेले. "तू ख्रिश्चन? मग आडनाव मराठी कसं?" "घरी इंग्लिश बोलता का रे?" "नाताळला नुसता केकच खाता का?" अरे बाबांनो, माझे वडील एसटीत कंडक्टर आहेत. घरी आम्ही चांगली खणखणीत नगरी मराठी बोलतो. नाताळात आमच्याकडे करंज्या, चकल्या, शेव, लाडू सगळं होतं. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी अजून नगरच आहे. त्या नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. तेव्हापासून चार-पाच पिढ्या ख्रिस्ती असलेली कितीतरी शेतकऱ्यांची, मजुरांची, मास्तरांची घरं आमच्या बाजूला आहेत. आमच्या चर्चमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग टाळ-मृदंगावर म्हणतात. हॉस्टेलच्या गणपतीत आरतीला ढोलकी मीच वाजवतो. ती मी शिकलो चर्चच्या भजनी मंडळात!

असो. तर सांगायचं म्हणजे, 'फादर' या नावाबरोबर एक इभ्रतही आली. विंगमधल्या पार्टीची वर्गणी माझ्याकडे जमा. दोघांचं भांडण झालं की न्यायनिवाडा माझ्याकडे. कोणाच्या मोबाईलचा पासवर्ड, कोणाच्या प्रेमपत्राचा मसुदा, कोणाची चौथी केटी, सगळी गुपितं माझ्यापाशी. "फादर कोणाला सांगणार नाही." मी शिव्या देत नाही, कॉपी करत नाही, म्हणजे मी चांगला. हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं. इथेच घोटाळा झाला.

*

आधी आमच्या आजीची गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या गावच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं, त्याची ही आठवण. भाकरीचा एक लहानसा तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट, एवढंच. पण ते घेण्याआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असं पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगितलं आहे. आमची आजी ही परीक्षा फार मनावर घेते. तिची परीक्षा शनिवारी संध्याकाळी असते.

आजीचं आणि तिच्या धाकट्या जावेचं बांधावरून वाजायचं. दोघींची तोंडं अशी की एकदा सुरू झाल्या की गावची कुत्री गप्प बसायची! पण पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, आजी पदर सारखा करून तिच्या ओट्यावर जाऊन बसायची. "उद्या प्रभुभोजन आहे. माझं जरा जास्तीच झालं त्या दिवशी." मग धाकटी आजी म्हणायची, "माझंबी चुकलंच की आक्का. चहा टाकते." दोघी चहा प्यायच्या. सोमवारी बांधावर पुन्हा जुंपायची. लहानपणी मला याचं हसू यायचं. मी एकदा विचारलं, "आजी, सोमवारी भांडायचंच असतं तर शनिवारी जातेस कशाला?" ती म्हणाली, "सोमवारी पुन्हा जेवायचं असतं म्हणून शनिवारची भांडी तशीच ठेवतोस का?"

आजीने हे कुठून घेतलं ते मला नंतर शब्बाथशाळेत कळलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे. त्यात तो म्हणतो की तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर आणि मग येऊन अर्पण वाहा. आमच्या पाळकांनी एकदा या वचनावर बोलताना एक गोष्ट लक्षात आणून दिली होती. हे प्रवचन ऐकणारे बहुतेक लोक गालीलातले, आणि वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात. म्हणजे मधे काही दिवसांची पायवाट! अर्पण तिथे ठेवून परत गावी जायचं, माफी मागायची आणि पुन्हा तेवढंच चालत यायचं. ऐकताना सोपं वाटतं, पण येशूने सोपं काही सांगितलेलं नव्हतं.

*

आता अण्णा. तो सांगोल्याकडचा. फर्स्ट इयरपासून माझा रूममेट. वडिलांची डाळिंबाची बाग होती. तेल्या रोगाने बाग गेली, झाडं उपटून टाकावी लागली, कर्ज मात्र उपटता आलं नाही. अण्णाच्या शिक्षणाचं कर्ज वेगळंच. हे सगळं त्याने मला एका रात्री टेरेसवर, टाकीला टेकून सांगितलं होतं. विंगमध्ये दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

अण्णा हुशार. मी रट्टा मारणारा, तो समजून घेणारा. थर्मोडायनॅमिक्स मला त्यानेच शिकवलं. अॅप्टिट्यूडची गणितं तो तोंडी सोडवायचा आणि मी कागद भरून. मी त्याला मनापासून मित्र मानायचो. पण खरं लिहायचं ठरवलंय तर लिहितो. रिझल्ट लागला की मी आधी माझा नंबर बघायचो आणि लगेच त्याचा. तो माझ्यापुढे असला की मी म्हणायचो, "वा अण्णा, पार्टी!" आणि पोटात कुठेतरी काहीतरी दुखायचं. तीन वर्षं दुखत होतं. मी त्याला नाव दिलं नव्हतं. काईनाची आणि हाबेलाची गोष्ट मी पाठ म्हणून दाखवू शकत होतो, तिचा माझ्याशी काही संबंध आहे असं मात्र कधी वाटलं नाही.

फायनल इयरच्या सुरुवातीलाच, ऑगस्टमध्ये, एक चांगली कंपनी आली. मेकॅनिकलमधून चारच जण घेणार होती. आधी अॅप्टिट्यूड, मग जीडी, मग इंटरव्ह्यू. टेस्ट दुपारी दोनला होती. त्याच आठवड्यात अण्णाच्या मोबाईलचा डिस्प्ले गेला. दुरुस्तीला टाकला होता. तो मला म्हणाला, "ग्रुपवर काही आलं तर सांग रे." मी म्हटलं, "हो."

आदल्या रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज आला. टेस्ट दोनऐवजी सकाळी नऊला. अण्णा समोरच्या कॉटवर झोपला होता. माझ्यापासून हातभर अंतरावर. मनात म्हटलं, आता कशाला उठवायचं, सकाळी सांगू. हे वाक्य तेवढं खरं होतं. पण त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य आलं, ते असं, की चारच जागा आहेत.

सकाळी तो नेहमीसारखा साडेसहाला ग्राउंडवर पळायला गेला. तिथून तसाच गावात जाणार होता, मोबाईल आणायला. मला माहीत होतं. ग्राउंड आमच्या खिडकीतून दिसतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. टेबलावर चिठ्ठी ठेवता आली असती. मी आंघोळ केली, कपडे घातले, प्रार्थना केली आणि निघालो. हो, प्रार्थनाही केली! पेपर सोपा जाऊ दे म्हणून.

अण्णा दीड वाजता सेमिनार हॉलपाशी आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय. टाय माझाच होता, त्याने आदल्या दिवशी मागून घेतला होता. तोवर जीडीची यादीसुद्धा लागली होती. माझं नाव होतं. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "टाइम बदलला होता? तुला मेसेज आला होता का?"

मी म्हणालो, "माझंही नेट बंद होतं रे रात्री. मला इथं आल्यावर कळलं."

संध्याकाळी चार नावं जाहीर झाली. चौथं माझं होतं. रात्री विंगमध्ये पोरांनी नाचून धिंगाणा केला. मला खांद्यावर घेणाऱ्यांत अण्णा होता. टाय त्याने नीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवला होता.

*

त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांबद्दल लिहिणं सगळ्यात अवघड आहे. बाहेरून काहीच घडत नव्हतं. घडत होतं ते आत.

मन किती हुशार वकील असतं हे मला तेव्हा कळलं. पहिला मुद्दा असा की मी काही केलंच नाही, फक्त सांगितलं नाही. दुसरा, तो माझ्यापेक्षा हुशार आहे, त्याला कुठेही मिळेल. तिसरा, त्याचा मोबाईल बिघडला त्याला मी काय करू? चौथा मुद्दा तर थेट शास्त्रातला होता. येशूने सांगितलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर जा. अण्णाच्या मनात माझ्याविरुद्ध काहीच नव्हतं, कारण त्याला माहीतच नव्हतं. मग जायचं कशाला? पवित्र शास्त्र लहानपणापासून वाचलेल्या माणसाला पळवाटासुद्धा त्यातच सापडतात.

रात्रीची प्रार्थना मी चालू ठेवली होती. पोरं बघत होती ना! पण प्रार्थनेत आता अण्णा यायला लागला. 'देवा, अण्णाला माझ्यापेक्षा मोठी कंपनी मिळू दे.' रोज. मला वाटायचं मी किती मोठ्या मनाने मागतोय. नंतर लक्षात आलं, ही प्रार्थना नव्हती, सेटलमेंट होती. अण्णाला मिळालं असतं की माझी केस आपोआप मिटली असती.

पण अण्णाला मिळणारच नव्हतं. आपल्याकडे नियम आहे की नाव देऊन टेस्टला गैरहजर राहिलं तर पुढच्या तीन कंपन्यांना बसता येत नाही. त्याला ती बंदी लागली होती. त्याने मला हे चहा पिताना सहज सांगितलं, "नशीब रे फादर, दुसरं काय." मी चहा अर्धा टाकून उठलो.

त्याच दिवसांत एनडीटीच्या प्रॅक्टिकलला आम्ही डाय पेनिट्रंट टेस्ट केली. जॉब स्वच्छ पुसायचा, लाल डाय लावायचा, थोडा वेळ थांबायचं, डाय पुसून काढायचा आणि वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. चकचकीत दिसणाऱ्या जॉबमधली केसाएवढी चीर लाल होऊन वर येते. सगळ्यांनी रीडिंग लिहून घेतलं. मी त्या लाल रेघेकडे बघत बसलो.

*

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मी घरी होतो. नोकरी लागल्याचे पेढे आईने अख्ख्या मंडळीला वाटायचे ठरवले होते. उपासनेत पाळकांनी माझं नाव घेऊन आभाराची प्रार्थना केली. लोक मागे वळून माझ्याकडे बघत होते, हसत होते. मग प्रभुभोजन सुरू झालं.

भाकरीचा ट्रे बाकाबाकावरून पुढे येत होता. आजीने तुकडा घेतला आणि ट्रे माझ्याकडे दिला. मी तो हातात घेतला. इतका हलका ट्रे, पण माझा हात कापायला लागला. मी काही न घेता तो तसाच वडिलांकडे सरकवला. द्राक्षरसाचंही तसंच. वडिलांनी एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. आजीने पाहिलंच नाही असं दाखवलं.

दुपारी जेवण झाल्यावर आजी अंगणात तांदूळ निवडत होती. मला म्हणाली, "कोणाशी भांडलास?"

"भांडलो नाही."

"मग भांडणापेक्षा मोठं दिसतंय."

मी सगळं सांगितलं. ग्राउंडवरची हाक, नेटची थाप, खांद्यावर घेतलं ते, सगळं. शेवटी माझा वकिली मुद्दाही मांडला, की त्याला माहीतच नाही, त्याच्या मनात काही नाही, मग मी जाऊन उगाच त्याला दुःख का द्यायचं? आजीने सूप खाली ठेवलं.

"त्याच्या मनात काही नाही, कारण तू त्याच्यापासून लपवलंस. ते त्याचं आहे, त्याचं त्याला दे. तो माफ करो नाहीतर थोबाडीत मारो."

"नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली. तुझ्या बापाने चाळीस रुपयांचा हिशोब लागेना म्हणून रात्री डेपोत थांबून तिकिटं मोजलीत." मग जरा थांबून म्हणाली, "आधी जाऊन ये. सकाळची गाडी सहाला आहे."

तिने मला जवळ घेतलं नाही. देव माफ करतो, असंही म्हणाली नाही. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरं झालं म्हणाली नाही. मी तेवढंच धरून इथेच बसलो असतो.

*

एसटीत साडेचार तास मला याकोब आठवत होता. भावाचा आशीर्वाद फसवून घेतलेला याकोब वीस वर्षांनी एसावाला भेटायला निघतो आणि भीतीने पुढे शेळ्या-मेंढ्यांचे, उंटांचे, गुरांचे कळप भेट म्हणून पाठवतो. माझ्या बॅगेत आईने दिलेला चकल्यांचा डबा होता. मी ठरवलं, डबा आधी द्यायचा नाही.

रात्री अण्णाला टेरेसवर बोलावलं. त्याच टाकीपाशी. जे घडलं ते क्रमाने सांगितलं. माझ्या बाजूने एकही कारण द्यायचं नाही असं ठरवून गेलो होतो, तरी दोन कारणं तोंडून निघालीच. तो काही बोलला नाही. बराच वेळ खालच्या मेसमधल्या ताटांचा आवाज येत होता. मग त्याने एकच विचारलं, "मी टाय परत ठेवला तेव्हा तू रूममध्येच होतास ना?"

"हो."

तो उठून खाली गेला. दुसऱ्या दिवशी त्याने गादी आणि ट्रंक उचलली आणि तीन रूम सोडून राहायला गेला.

मंगळवारी मी ट्रेनिंग अँड प्लेसमेंटच्या सरांकडे गेलो. जक्कय नावाच्या जकातदाराने येशूचं घरी आनंदाने स्वागत केलं आणि आपण फसवून घेतलेलं चौपट परत करू असं सांगितलं, ही गोष्ट मला फार आवडते. पण पैसे परत करता येतात, टेस्ट कशी परत करणार? मी सरांना म्हटलं, माझी ऑफर अण्णाला देता येईल का? सर भयंकर चिडले. म्हणाले, "नोकरी म्हणजे एसटीतली सीट आहे का, उठून दुसऱ्याला द्यायला?" मग शांत झाल्यावर म्हणाले, "कंपनीचा निर्णय माझ्या हातात नाही. अण्णाची बंदी माझ्या हातात आहे. जे झालं ते लिहून दे." मी लिहून दिलं, सही केली. त्या कागदाचं ते पुढे काय करतील हे मला माहीत नव्हतं. बंदी त्याच दिवशी उठली. माझ्या ऑफरला धक्का लागला नाही. खरं सांगायचं तर त्याचा मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

*

तुम्हाला वाटेल, आता मन हलकं झालं असेल. तीन दिवस झालं होतं. चौथ्या दिवशी मला एक भलतीच गोष्ट दिसली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो! किती जणांनी अशी कबुली दिली असती? लूकच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात दोघे मंदिरात प्रार्थना करतात. एक परुशी, आपण इतरांसारखे नाही म्हणून देवाचे आभार मानणारा. दुसरा जकातदार, वर बघायचीही हिंमत नसलेला. मी जकातदाराचं सोंग घेतलेला परुशी होतो. पाप सोडलं की त्याच्या जागी पाप सोडल्याचा गर्व येऊन बसतो. या मनाचं काय करायचं!

यावर औषध मिळालं ते अण्णाच्या गप्प राहण्यातून. तो मला माफ करायला घाई करत नव्हता, आणि माझी बदनामीही करत नव्हता. विंगमध्ये पोरं त्याला विचारत, "रूम का सोडली?" तो म्हणे, "तिकडं पंखा चांगला आहे." मग एका रात्री मीच चार-पाच जणांना बसवून खरं सांगितलं. एक जण म्हणाला, "फादर, तू पण?" ते ऐकून वाईट वाटलं, पण एक ओझंही उतरलं. वर्गणी ठेवायला आता माझ्याकडे कोणी येत नाही. न्यायनिवाड्यालाही नाही. मला जरा शांत झोप लागते.

त्या महिन्यात लायब्ररीतून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणली. शाळेत त्यातला एखादा धडा असतो, म्हणून सगळ्यांना पुस्तक ओळखीचं वाटतं. मीही पूर्ण वाचलं नव्हतं. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंच्या आयुष्याची उलथापालथ झाली. पुढची काही वर्षं त्या दूर राहिल्या, मग नवऱ्याकडे परत आल्या आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. मला वाटलं होतं, त्यात दर्शनं-चमत्कार असतील. पण त्यात आहेत रागीट नवरा, रिकामे डबे, सोवळं-ओवळं, रुसवे आणि त्यातून हळूहळू बदलत गेलेलं एक मन. स्वतःच्या फजितीवर बाई मनापासून हसतात. संतपणाचा आव कुठेच नाही. श्रद्धा स्वयंपाकघरात, भांडणात, दुसऱ्याच्या हातचं पाणी पिताना तपासली जाते, हे त्यांनी न सांगता सांगितलं आहे. आमच्या आजीला हे पुस्तक वाचून दाखवलं तर ती म्हणेल, "मग यात काय नवीन?"

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मला घरी जाता आलं नाही. नोव्हेंबरला गेलो. शनिवारी संध्याकाळी आजीने विचारलं, "बोलला का तो?" मी म्हटलं, "नाही अजून." मला वाटलं ती म्हणेल, मग उद्या घेऊ नकोस. पण ती म्हणाली, "तू गेलास ना? यायचं त्याचं तो बघेल. घे उद्या." मी घेतलं. केवढासा तुकडा, पण गिळायला वेळ लागला. मला तेव्हा कळलं की देवाची क्षमा मला कमवायची नव्हती, आणि अण्णाची क्षमा मला मागून मिळणार नव्हती. पहिली त्याने कधीच दिलेली होती. दुसरी अण्णाच्या हक्काची होती, तो देईल तेव्हा देईल.

डिसेंबरमध्ये अण्णा दोन कंपन्यांमध्ये इंटरव्ह्यूपर्यंत जाऊन परत आला. जानेवारीत चाकणची एक लहान कंपनी येणार होती. आदल्या रात्री दहा वाजता दार वाजलं. अण्णा होता. आत आला नाही. उंबऱ्यातूनच म्हणाला, "टाय दे."

मी कपाटातून काढून दिला. टेस्टची वेळही सांगितली, दोनदा. तो म्हणाला, "माहीत आहे. मोबाईल चालू आहे माझा." आणि गालातल्या गालात हसला. तेवढंच.

त्याला ती नोकरी मिळाली. पॅकेज माझ्यापेक्षा कमी आहे. हा फरक माझ्यामुळे पडला आणि तो माझ्याकडून भरून निघणार नाही. अजून रिझल्ट लागला की मी आधी माझा नंबर बघतो आणि लगेच त्याचा, आणि अजून थोडं दुखतं. फरक एवढाच की आता मला त्या दुखण्याचं नाव माहीत आहे. ते उठलं की मी प्रार्थनेत तेच नाव घेतो. मत्सर. 'अण्णाला मोठी कंपनी दे' असलं काही मागत नाही. 'देवा, हे आलंय, बघ,' एवढंच म्हणतो.

हा लेख देण्याआधी अण्णाला वाचायला दिला. त्याने टेरेसवर नेऊन वाचला. परत देताना म्हणाला, "डाळिंबाचं कशाला लिहिलंस?" मी म्हटलं, "काढू का?" थोडा विचार करून म्हणाला, "राहू दे. बाबांनी नवीन रोपं लावलीत, तेही लिही."

तर लिहिलं. या पावसाळ्यात त्याच्या वडिलांनी अर्ध्या एकरावर नवीन रोपं लावली आहेत. आणि मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला समोरच्या कॉटवरच्या माणसाला काही सांगायचं राहून गेलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. बाकीचं मॅगझिन नंतर वाचता येईल. आधी जाऊन या.

— फादर, अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी